मालक तिथंच राहत असावा

आमच्या घरी ऋतू दोनच होते, सीझन आणि ऑफसीझन. शाळेत बाई उन्हाळा, पावसाळा, हिवाळा शिकवायच्या तेव्हा मला वाटायचं, यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, हैदराबादेत केंद्र सरकारच्या पर्यटन कचेरीत माहितीच्या काउंटरवर बसत, आणि त्यांच्या लेखी सगळं वर्ष या दोन खणांत मावायचं. चिक्कडपल्लीच्या बाजारात सीताफळांच्या गाड्या लागल्या, पिंजारी गल्लीत फिरू लागला, सकाळी दूध आणायला जाताना कानाला रुमाल बांधावासा वाटला, की सीझन लागला. मार्चात नळाचं पाणी कोमट यायला लागलं की संपला. यंदा परवा दिलसुखनगरला माझ्या फ्लॅटखालून सीताफळवाला ओरडत गेला. सीताफळ मला अतोनात आवडतं. पण गेल्या सालचा सीझन असा काही गेला, की आता ती हाळीसुद्धा नकोशी वाटते.

गेल्या सालचा सीझन म्हणजे आमच्या घराचा शेवटचा. चिक्कडपल्लीचं ते घर काही मोठं नव्हतं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, पुढे पत्र्याचं फाटक. अण्णांनी नोकरीत असताना बांधलेलं. आई गेली, धाकटा भाऊ श्रीकांत बायकामुलाला घेऊन पश्चिमेकडे कोंडापूरला नव्या फ्लॅटमध्ये गेला, मी लग्न झाल्यापासून दिलसुखनगरला. उरले अण्णा आणि स्वयंपाकाला येणारी यादम्मा. श्रीकांतचं म्हणणं, घर बिल्डरला द्यावं आणि अण्णांनी कोंडापूरला यावं. अण्णा एका शब्दानंही भांडले नाहीत. फक्त कोंडापूरला न्यायला गाडी आली की त्यांना ताप यायचा. खरा ताप, थर्मामीटरवर दिसणारा. दोनदा असं झालं. तेव्हा प्रश्न एवढाच होता, अण्णांना त्यांच्या घरात शेवटपर्यंत राहता येईल की नाही.

त्यावर तोड काढली ती अमेयनं, श्रीकांतच्या मुलानं. पोरगा गुणी आहे, आयटीत आहे, मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो. तो म्हणाला, आता सरकारचं धोरणच होमस्टेच्या बाजूचं आहे, नोंदणी सोपी केलीय, कर्जसुद्धा मिळतं. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, घर स्वतःचा खर्च स्वतः काढील, बिल्डरची गरजच नाही. "आणि आत्या, बेस्ट पार्ट सांगू? रूलच आहे, मालक तिथंच राहत असावा. म्हणजे आजोबांना कुणी हलवूच शकत नाही." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी त्याला दुसऱ्यांदा चहा केला. सरकारनं एखाद्या म्हाताऱ्याला घरात ठेवून घेण्याचा नियम करावा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

अण्णांना मात्र यात नवल वाटलं नाही. धोरणांबरोबर त्यांचा जन्म गेला होता. ते नोकरीला लागले तेव्हा सरकारच्या डोळ्यांपुढचा प्रवासी म्हणजे गोरा माणूस. तो येणार, डॉलर मोडणार, आणि त्या डॉलरांवर देश यंत्रं आणणार. आपल्यातला कुणी बायकोला घेऊन रामेश्वरला निघाला तर तो प्रवासी नव्हे, धर्मशाळेतला माणूस. त्या गोऱ्या माणसासाठी सरकारनं हॉटेलं बांधली, बसगाड्या घेतल्या, नकाशे छापले. अण्णा मे महिन्यातही टाय बांधून बसत आणि कुणी विचारलंच तर गोवळकोंड्याला केव्हा जावं, तिथल्या सुलतानांच्या कबरींवर ऊन कोणत्या बाजूनं पडतं, सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ बघायला किती आधी जाऊन बसावं, हे खालच्या आवाजात सांगत. खालच्या आवाजात, कारण ओरडून बोलणारा माणूस दलाल वाटतो असं त्यांचं मत.

मग वारं फिरलं. दिल्लीहून कागद येऊ लागले की पर्यटन हा उद्योग आहे, त्याला उद्योगासारखं वागवा. त्यानंतरचे कागद म्हणाले, हॉटेलं चालवणं हे काही सरकारचं काम नव्हे, आणि जी बांधली होती ती विकायची भाषा सुरू झाली. अण्णांच्या कचेरीत तेव्हा सगळे साहेब एका सुरात नवं बोलायला लागले होते, आदल्या महिन्यापर्यंत त्याच तोंडानं जुनं बोलणारे. अण्णा घरी येऊन कोट खुंटीला लावत म्हणायचे, "धोरण बदललं की आधी पाटी बदलते, मग टेबल सरकतं. आपलं टेबल अजून खिडकीशीच आहे, चालू द्या." पुढे ते टेबलही सरकलं. जिन्याखाली गेलं.

पण त्याच सुमाराला निघालेली एक योजना अण्णांच्या मनात घर करून बसली. परदेशी पाहुण्यांना खोल्या पुरत नाहीत, तर गृहस्थांनी आपल्या घरातली एखादी खोली द्यावी, आणि पाहुण्याला भारतीय कुटुंबाचा अनुभव मिळावा. कचेरीतल्या बाकीच्यांनी ते परिपत्रक फायलीला लावलं. अण्णांनी ते खरं मानलं. वरच्या मजल्यावर कमोड बसवला गेला तो त्या योजनेपायी. तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं म्हणून. आई म्हणाली होती, जन्मभर माझ्या गुडघ्यांनी मागितला तो दिला नाही, आता डेन्मार्कच्या गुडघ्यांसाठी आणताय.

आणि खरोखरच डेन्मार्कहून एक बाई आली. उंच, उन्हानं लालबुंद, पायात जाड चपला. मी तेव्हा कॉलेजात होते. हिवाळ्याचे दिवस, गच्चीवर आईच्या पापड्या वाळत होत्या आणि ती बाई त्यांच्या शेजारी चटई टाकून पुस्तक वाचत पडायची. अण्णांनी तिला एकदाही एकटीनं जेवू दिलं नाही. ती बाहेर जेवून आली तरी "थोडं तरी" म्हणून पानावर बसवायचे, आणि ती बिचारी बसायची. जाताना आईनं तिची ओटी भरली. हातात नारळ, तांदूळ सांडू नयेत म्हणून स्कर्टचा घोळ धरलेला, आणि चेहऱ्यावर हे कुठे ठेवायचं हा प्रश्न. आम्ही पोरं हसत होतो. अण्णांचे डोळे मात्र भरून आले होते. पर्यटनाचं राष्ट्रीय धोरण यशस्वी झाल्याचं त्यांनी याचि डोळा पाहिलं होतं.

पुढची वर्षं भराभर गेली. अण्णा निवृत्त झाले. सरकारनं देशाच्या रंगीत जाहिराती जगभर लावल्या, व्हिसा संगणकावर आला, आणि मग केव्हातरी धोरणाला शोध लागला की गोरा येवो न येवो, आपलाच माणूस आपला देश बघायला लाखोंनी निघालाय. धर्मशाळेतला माणूस अखेर प्रवासी झाला. अण्णांना याचा मनापासून आनंद झाला. वर्तमानपत्रातली बातमी त्यांनी मला फोनवर पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. मला मात्र दुरून असं दिसत होतं की आधी सरकार स्वतः पाहुण्याला जेवायला वाढत होतं, मग म्हणालं तुम्ही वाढा, आम्ही तपासू, आणि आता म्हणत होतं तुम्ही वाढा, आम्ही टाळ्या वाजवू. अण्णांना मी हे बोलले नाही. त्यांना वाईट वाटलं असतं, जसं कुणी माहेरच्या माणसाला नावं ठेवल्यावर वाटतं.

तर गेल्या सीझनला घर उघडलं. भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या. अमेयनं फोनवरच्या जाहिरातीत लिहिलं, जुन्या हैदराबादेतलं घर, स्थानिक कुटुंबासोबत राहण्याचा अनुभव. कुटुंब म्हणजे अण्णा. त्यांनी ट्रंकेतला कोट काढून उन्हात घातला, कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन शहराचा नकाशा आणला आणि बैठकीत टांगला. रोज दाढी. यादम्मा मला म्हणाली, तातगारूंचं, म्हणजे आजोबांचं, वय उतरलंय.

पाहुणे आले, भरपूर आले. पण गोवळकोंडा बघायला फार थोडे. कुणी व्हिसाच्या मुलाखतीला, कुणी मुलाला कोचिंगला घालायला, कुणी डोळ्यांच्या ऑपरेशनला. अण्णा नकाशाखाली खुर्ची टाकून बसत आणि ही माणसं फोनवर बोलत त्यांच्यासमोरून जिना चढून जात. फक्त एकदा नांदेडकडचं एक कुटुंब आलं, आईच्या मोतीबिंदूसाठी. आपल्याच बोलीतली, जुन्या निजामी मुलखातली माणसं. त्या दिवसांत यादम्मानं ज्वारीच्या भाकरी थापून थापून हात दुखवून घेतले. अण्णा डोळ्यावर पट्टी बांधलेल्या त्या आजीबाईंशी बोलत बसत आणि ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांना चारमिनारच्या चारी बाजूंचं वर्णन करून सांगत. आजीबाई म्हणाल्या, भाऊ, आता बघायला कशाला जायचं. मी त्या दिवशी तिथेच होते. अण्णा इतके खूश मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

बाकीच्यांशी मात्र त्यांची गाडी रुळावर येईना. सकाळी ते वर जाऊन दार वाजवायचे, आंघोळीचं पाणी काढू का. दुपारी वाजवायचे, जेवलात का. कुणी रात्री उशिरा येणार असं कळलं की पाहुण्याआधी आपण कसं जेवायचं म्हणून ताट झाकून बसून राहायचे. यादम्मा मला फोन करायची, "अम्मा, तातगारू तिनलेदु," म्हणजे जेवलेले नाहीत. आणि पाहुणा तिकडे बिर्याणी खाऊन आलेला असायचा. अण्णांची चूक एवढीच की अनुभव हा शब्द त्यांनी अजूनही त्या जुन्या परिपत्रकातल्यासारखाच वाचला होता. बेंगळुरूच्या एका जोडप्यानं फोनवरच्या त्या जाहिरातीखाली लिहिलं की जागा स्वच्छ आहे, पण एक म्हातारा सारखा दार वाजवतो, खासगीपणा अजिबात नाही. त्याखाली आणखी कुणी लिहिलं, आम्हालाही हाच त्रास झाला. खोल्यांची मागणी घसरली. श्रीकांत म्हणाला, असंच चाललं तर बिल्डर आहेच. ही धमकी नव्हती, त्याचा स्वभावच तसा सरळ आहे, आणि म्हणून ते जास्त लागलं.

अमेयनं आजोबांना फार प्रेमानं समजावलं. मी ऐकत होते. आजोबा, आता लोकांना स्पेस लागते, तुम्ही तुमच्या खोलीत आरामात बसा, कुणी विचारलं तरच बोला. अण्णांनी विचारलं, जेवलात का एवढं तरी विचारू का. अमेय म्हणाला, नको आजोबा. अण्णा म्हणाले, "हौ, बराबर आहे. तुमचं धोरण तसं असेल." तुमचं म्हणाले, आणि ते मला सुईसारखं टोचलं. त्यानंतर बैठकीतली खुर्ची आत गेली. पुढच्या दाराला आकड्यांचं कुलूप बसलं, पाहुण्यांना किल्ली द्यायला नको म्हणून. आकडे पाहुण्यागणिक बदलायचे आणि अमेय ते फोनवर कळवायचा. अण्णांचा फोन बटणांचा, आणि आकडे त्यांच्या लक्षात राहीनासे झाले होते.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ते झालं. ऊन कोवळं होतं, गल्लीत पोरं मांजा सुतत होती. अण्णा तिळगूळ आणायला म्हणून बाहेर पडले आणि परत आले तर दार लागलेलं. त्यांनी कडी वाजवली. वरून एक पाहुणा उतरून आला, तरुण मुलगा, सभ्य, त्याला दोष देता येणार नाही. त्यानं दार अर्धं उघडून विचारलं, अंकल, किससे मिलना था? यादम्मा कोथिंबीर घेऊन फाटकाशी पोचली होती, तिनं हे डोळ्यांनी पाहिलं. अण्णा म्हणाले, इथल्या मालकांकडे आलो होतो. मुलगा म्हणाला, मालक इथं राहत नाहीत, ॲपवर मेसेज टाका. अण्णा शुक्रिया म्हणाले आणि वळून समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसले. तिळगुळाची पुडी मांडीवर. यादम्मा रडत रडत मला सांगत होती, की मी म्हटलं तातगारू चला घरात, तर ते म्हणाले, मालक येऊ दे.

मी पुष्कळ विचार केला, अण्णा असं का बोलले असतील. हे माझं घर आहे म्हणाले असते तर तो मुलगा ओशाळला असता. घरच्या धन्याला दारात अडवलं म्हणून त्याला कानकोंडं झालं असतं. आणि पाहुण्याला ओशाळं करणं अण्णांना जन्मात जमलं नाही. तेव्हा ते खोटं बोलले ते पाहुण्यासाठीच, एवढं मी शपथेवर सांगीन. पण वय झालं होतं, मन आधीच जागोजागी विरलं होतं, आणि तोंडातून एकदा गेलेलं ते वाक्य त्यांच्या मनानं खरं धरलं. त्या दिवसापासून ते घरात पाहुण्यासारखे वागू लागले. अंथरुणाची घडी करून कोपऱ्यात ठेवायचे. यादम्मानं भात पुन्हा वाढला तर हात आडवा धरायचे. पंखा लावू का असं विचारायचे. त्यांनीच बसवून घेतलेला पंखा.

डॉक्टर म्हणाले, या वयात होतं. श्रीकांत म्हणाला, तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू. नोंदणी पक्की व्हायची होती, त्यासाठी सरकारी माणसं घर बघायला येणार होती, आणि ती झाली की घर राहणार होतं, अण्णाही राहणार होते. म्हणून त्या सकाळी आम्ही सगळे जमलो. अण्णांना इस्त्रीचा सदरा घातला. तिघे आले, त्यांत प्रमुख एक मध्यमवयीन बाई होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी खोल्या पाहिल्या, चादरी पाहिल्या, तो जुना कमोड पाहून बरं म्हणाल्या. अण्णा खुर्चीच्या टोकावर बसून होते, बसची वाट बघणारा बसतो तसे. बाई त्यांच्यापाशी आल्या, वाकल्या, आणि आदरानं विचारलं की सर, आपण इथंच राहता ना.

अण्णा उभे राहिले. बाई उभी असताना ते कधी बसून बोलत नसत. म्हणाले, "नै जी. मैं तो मेहमान हूँ. घरवाले बहोत अच्छे लोगाँ हैं, बहोत किए मेरे वास्ते. अब जल्दी निकलता मैं."

बाईंनी श्रीकांतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. श्रीकांत सांगायला लागला की हेच मालक आहेत, वडील आहेत, वयामुळे असं होतं. बाई ऐकत होत्या, त्यांना पटतही होतं असं मला वाटलं. पण मग त्यांनी विचारलं, आणि तुम्ही कुठे राहता? नियम नुसत्या मालकाचा नव्हता, कुटुंबाचा होता. घरात कुटुंब राहत असावं, पाहुण्याकडे बघणारं. श्रीकांतनं कोंडापूर म्हटलं, मी दिलसुखनगर म्हटलं, आणि बाईंनी अर्जावर नाहीचा शेरा मारला. नियम अगदी योग्य होता. माझा त्या नियमावर आजही राग नाही. तो करणाऱ्यांच्या मनात कुठेतरी माझी आई ओटी भरत उभी असणार.

जिन्यात श्रीकांत म्हणाला, मुद्दाम केलं त्यांनी. मी तशीच खाली उतरले. अमेय फाटकाशी उभा होता, त्याचं नाक लाल झालं होतं. म्हणाला, आत्या, आजोबांना माझा राग आला होता का? मी म्हटलं, नाही रे. त्यांना राग येत असता तर आपण सगळे वाचलो असतो.

उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आत बिल्डरचं नक्की झालं. नळाला पाणी कोमट यायला लागलं होतं. अण्णांना मी माझ्याकडे आणलं. कोंडापूरचं नाव काढलं की अजून ताप चढतो. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अमेयनं आणि वॉचमननं त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं, आणि तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत. घर पाडताना मी एकदा जाऊन आले. वरच्या मजल्याची भिंत गेली होती आणि पिस्ता रंगाची खोली रस्त्यावरून उघडी दिसत होती. अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पाहुणा मागच्या मुक्कामाची चौकशी कशाला करील.

आता पुन्हा सीझन लागलाय. सकाळी खिडकीची काच धुरकट होते. अण्णा शाल पांघरून खिडकीपाशी बसतात आणि खालच्या गर्दीकडे बघतात. कोचिंगची पोरं, त्यांचे आईबाप, बॅगा ओढणारी माणसं. वर्तमानपत्रात पर्यटनाचं काही आलं तर मी मोठ्यानं वाचून दाखवते, नवी योजना, नवी नावं, आणि ते मान हलवून ऐकतात. परक्या गावच्या बातम्या ऐकाव्यात तसं. माझं नाव त्यांना काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. ज्या दिवशी आठवत नाही त्या दिवशी ते मला बाई म्हणतात आणि फार अदबीनं वागतात. ते दिवस मला सोसत नाहीत.

परवा सीताफळवाला गेला तो त्यातलाच एक दिवस. मी सीताफळ फोडून बिया काढून गर वाटीत दिला. त्यांनी थोडा खाल्ला, वाटी बाजूला ठेवली, धोतराच्या टोकानं बोटं पुसली आणि म्हणाले, "बाई, आपल्याला फार परेशान केलं मी. आणखी किती दिवस राहिलं तर चालेल?"

मला रडू आवरेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "अण्णा, असं काय बोलता? हे घर तुमचंच आहे."

ते हसले. मला ओशाळं वाटू नये इतपतच हसले, आणि माझ्या हातावर थोपटत समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू द्या. असं म्हणायची पद्धत असते. मीही सगळ्यांना म्हणत होतो."